दर उन्हाळ्यात परत येणारा ऑइलचा दिवा: डिझेल मोटरहोमला कुठलं ऑइल घालायचं?

मार्च सरत आला की मोटरहोमवाल्यांचे फोन सुरू होतात आणि तक्रार बहुतेकांची एकच असते. गाडी पुण्याकडून सलग चालून आलेली, एसी चालू, पाण्याची टाकी भरलेली, आत चार-पाच माणसं आणि त्यांचा सगळा संसार. सावळेश्वरच्या टोलनाक्यावर रांगेत गाडी स्लोला (रेस न देता नुसतं इंजिन चालू) येते आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागतो. जरा रेस दिली की विझतो. घरी येऊन ऑइल बदललं की दिवा गायब. पुढच्या काही सहली निवांत जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गॅरेजमध्ये यावर उत्तर तयार असतं: "अण्णा, सोलापूरचं ऊन आहे हे. ऑइल पाण्यासारखं होतंय बघा. वीस-पन्नास टाकू, परत दिवा लागला तर मला बोला." वीस-पन्नास, म्हणजे २०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड ऑइल, टाकलं की दिवा खरोखरच लागत नाही, त्यामुळे उस्ताद खूश आणि मालकही खूश. दुखणं मात्र जागच्या जागी असतं, आणि गाडी प्रदूषणाच्या बीएस-६ नियमाची असेल तर त्यात एका नव्या दुखण्याची भर पडते.

ऑइलचा ग्रेड ठरवण्याआधी दोन गोष्टी माहीत पाहिजेत. डिपस्टिकवरची पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वर चढते की खाली उतरते, ही पहिली. तुमच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आहे की नाही, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरं हातात नसताना डबा विकत घेणं म्हणजे नुसता अंदाज.

दिवा लागला, आता काय

चालत्या गाडीत, रेसवर असताना दिवा लागून तसाच राहिला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" हा विचार मनात आणू नका. बेअरिंगला आणि टर्बोला ऑइल मिळालं नाही तर दोन किलोमीटर फार झाले. गाडी टोचन करून न्यायची.

इंजिन तापलेलं असताना फक्त स्लोवर मिणमिणत असेल तर प्रकरण थोडं वेगळं. तरीही बाजूला थांबायचं, दहा मिनिटं जाऊ द्यायची आणि डिपस्टिक काढून बघायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर सावकाश घरी या, पण तपासणी पुढच्या रविवारवर ढकलू नका. कमाल खुणेच्या बरीच वर असेल तर मात्र गाडी हलवू नका. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) पाइपातून हवेबरोबर आत ओढलं जातं आणि डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळत सुटू शकतं. तेव्हा चावी बंद केली तरी ते थांबत नाही.

मोटरहोमवाल्यांनी इथे एक खबरदारी घ्यायची. मुक्कामाला पलंग सपाट यावा म्हणून आपण एका बाजूच्या चाकाखाली फळ्या घालतो. त्या स्थितीत डिपस्टिक बघितली तर आकडा खोटा येतो, कधी वरचा, कधी खालचा. गाडी सपाट जागेवर आणा आणि मगच बघा.

बाहेरच्या ४३ अंशांचा हात किती

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्यामुळे "ऑइल पातळ होतंय" हे पटकन पटतं. पण डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं त्यातला ४० हा आकडा ऑइल १०० अंशांना असताना मोजलेल्या दाटपणावरून येतो. १०० अंशांवर दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये असेल तर ते ४०चं ऑइल, त्याच्या वर २१.९ पर्यंत ५०चं, आणि ९.३ ते १२.५ मध्ये ३०चं. म्हणजे ऑइलची परीक्षा मुळातच मे महिन्यातल्या सोलापूरपेक्षा दुप्पट तापमानावर घेतलेली असते.

शिवाय इंजिनाला थर्मोस्टॅट असतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत असो वा वैशाखात, कूलंटचं तापमान तो नव्वदीच्या आसपास धरून ठेवायचा प्रयत्न करतो. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने चढताना ऑइल शंभराच्या वर जाणारच, जानेवारीतही जाणार. मे महिन्यात त्याहून फार जास्त जात असेल तर रेडिएटर बघा. कॅम्परमध्ये बऱ्याचदा रेडिएटरच्या तोंडावर एसीचा जास्तीचा कंडेन्सर बसवलेला असतो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून गाडी चालवली की दोन्हींच्या मधल्या फटीत पाचट, धूळ आणि किडे यांचा नमदा तयार होतो. बाहेरून रेडिएटर चकाचक दिसतो आणि आत हवा जायला जागाच नसते. कंडेन्सर थोडा पुढे ओढून, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या प्रेशरचं पाणी मारून घ्या. जोरात मारलं तर पत्र्या वाकतात.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टचा. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला, ५डब्ल्यूची उणे ३०ला. सोलापुरात पारा १० अंशांच्या खाली क्वचितच जातो. त्यामुळे आपल्या थंडीसाठी म्हणून ५डब्ल्यू घ्यायची गरज नाही, आणि स्पितीला जाणार असाल तरी १५डब्ल्यूच्या आधी टाकीतलं साधं डिझेलच गोठायला लागेल. मग नव्या गाड्यांच्या हँडबुकात ५डब्ल्यू-३० का लिहिलेलं असतं? स्टार्ट मारल्यावर टर्बो मिनिटाला लाखावर फेरे घेऊ शकतो आणि त्याच्या बेअरिंगपर्यंत ऑइल लगेच पोहोचावं लागतं, चेनच्या टेन्शनरलाही तेच ऑइल लागतं, आणि आतल्या फटी त्या ऑइलच्या हिशोबाने ठेवलेल्या असतात. अशा इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं तर रोज सकाळी टर्बोपर्यंत ऑइल पोहोचायला वेळ लागतो. दुकानात वीस-पन्नास म्हणून मिळणारे बरेच डबे तर मुळात पेट्रोलसाठी, विशेषतः मोटरसायकलींसाठी बनवलेले असतात. डिझेलच्या काजळीला तरंगत ठेवायची ताकद त्यांत असेलच असं नाही.

पातळी चढतेय? मग ऑइलमध्ये डिझेल उतरतंय

या दिव्याच्या तक्रारीत मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. आणि हेच सगळ्यात कमी वेळा तपासलं जातं, कारण पातळी कमी झाली की माणूस घाबरतो, जास्त दिसली की "चला, ऑइल खात नाही" म्हणून खूश होतो. इंजिनात ऑइल आपोआप वाढत नाही. वाढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी मिसळलं.

बीएस-६ डिझेल गाडीत (१ एप्रिल २०२० पासून देशभर नवी गाडी याच नियमाची) डीपीएफ असतो. त्यात साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, त्याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. बहुतेक व्हॅनच्या इंजिनांत हे करायची पद्धत अशी की पॉवर स्ट्रोक होऊन गेल्यावर इंजेक्टर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते पुढे एक्झॉस्टमध्ये जाऊन जळावं असा हेतू, पण त्यातलं थोडं लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या, भिंतीला चिकटतं, रिंगांच्या बाजूने घसरतं आणि खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलला मिळतं. काही मोठ्या बसच्या इंजिनांत हे डिझेल थेट एक्झॉस्टच्या पाइपात सोडतात, तिथे हा त्रास कमी.

हायवेवर सलग चालणाऱ्या गाडीत रीजनरेशन सुरू होतं, पूर्ण होतं, संपतं. डिझेल उतरतं ते थोडंच. मोटरहोमचं आयुष्य वेगळं. पंढरपूरला पोहोचायचं, चंद्रभागेजवळ जागा मिळाली की गाडी लावायची, मुलांना उकडतं म्हणून एसीसाठी इंजिन चालूच ठेवायचं. अक्कलकोटला रात्रीचा मुक्काम, तेच. उभ्या गाडीत एक्झॉस्ट थंड राहतो, काजळी साठत जाते, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, रीजनरेशन सुरू करू बघतो, तापमान पुरत नाही, तेवढ्यात कुणीतरी चावी बंद करतो. परत सुरू केली की पुन्हा पहिल्यापासून. अशा प्रत्येक अर्धवट प्रयत्नात थोडं डिझेल खाली जातं. किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही आणि सर्व्हिसिंगची तारीख तर किलोमीटरवर ठरलेली.

किती डिझेल पुरतं? समजा चेंबरमध्ये ८ लिटर ऑइल आहे. त्यात शंभराला पाच या प्रमाणात, म्हणजे सुमारे ४०० मिली डिझेल मिसळलं तर १०० अंशांवर १४-१५ सेंटिस्टोकचं ऑइल ढोबळ हिशोबाने बारापर्यंत खाली येतं. डब्यावर ४० लिहिलेलं, इंजिनात ३०. मुळातच ५डब्ल्यू-३०वर चालणाऱ्या इंजिनात हीच घसरण ३०च्या खालच्या पायरीवर नेऊ शकते. वर घाट, वर वजन, मग तापलेलं इंजिन स्लोला आलं की पंपाला प्रेशर धरवत नाही आणि दिवा मिणमिणतो. नवीन ऑइल घातलं की काही दिवस बरं वाटतं ते यामुळेच. आणि यावर वीस-पन्नास घालणं म्हणजे पाणी जास्त झालेल्या आमटीला शेंगदाण्याचं कूट लावणं. दाट दिसेल, पण नळ अजून चालूच आहे. मिसळलेलं डिझेल ऑइलमधली रसायनंही विरळ करतं, आणि ती ग्रेड वाढवून भरून येत नाहीत.

तपासायला फार काही लागत नाही. नवीन ऑइल घातल्यावर, गाडी एकदा फिरवून, थंड करून, सपाट जागेवर पातळी बघा आणि डिपस्टिकचा फोटो काढून ठेवा. नंतर दर मुक्कामाहून आल्यावर त्याच जागेवर, तेवढाच वेळ थांबून बघा. फोटो शेजारी शेजारी ठेवले की वाद मिटतो. डिपस्टिकचा वास घ्या. डिझेलचा वास ओळखायला शिकवावा लागत नाही. तिसरी युक्ती जुन्या ट्रकवाल्यांची: टीपकागदावर किंवा कॉफीच्या फिल्टरवर एक थेंब टाकायचा आणि काही तास सपाट, सावलीत ठेवायचा. मध्ये काळा ठिपका, त्याभोवती फिकट होत जाणारी कडा, हे चालण्यासारखं. बाहेर दूरवर तेलकट, पारदर्शक वलय पसरलं तर डिझेल आहे. मधला ठिपका डांबरासारखा घट्ट आणि कडा नाहीच, तर काजळी हाताबाहेर गेली आहे. हा थेंब प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण गॅरेजमध्ये जाताना तुमच्या हातात पुरावा असतो. ऑइल नुसतं काळं झालंय म्हणून मात्र घाबरू नका, डिझेलमध्ये ते लवकर काळं पडतंच.

डीपीएफ नसलेली जुनी गाडी आहे आणि तरीही पातळी चढते, तर कारण यांत्रिक. मिनीबसवरून बनवलेल्या जुन्या मोटरहोममध्ये इंजिनवर बसवलेला फीड पंप असतो. त्याचा डायफ्राम फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये. ठिबकणारा इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपाचं आतलं सील हेही संशयित. ऑइल दुधाळ दिसत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर मामला हेड गॅसकेटचा किंवा ऑइल कूलरचा, तिथे ऑइल निवडायचा प्रश्नच संपतो. पावसाळ्यात नुसत्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर साय दिसणं वेगळं. गाडी आखूड फेऱ्यांवर चालली की आतला बाष्प तिथे जमतो. एक लांब फेरी मारा, जाईल.

डीपीएफवाल्या गाडीवर इलाज असा. ऑइल आणि फिल्टर आत्ताच बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत. बदलल्यावर स्कॅनर लावून ऑइलचा काउंटर शून्य करून घ्या. अनेक गाड्यांत ईसीयू ऑइलच्या तब्येतीचा हिशोब ठेवतो आणि त्याला नवीन ऑइल पडल्याचं सांगावं लागतं. मग उभ्या गाडीत एसीसाठी इंजिन चालवणं बंद. छतावरचा एसी बॅटरी-इन्व्हर्टरवर किंवा बाहेरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर चालेल अशी सोय करा. खर्च आहे, पण टर्बो आणि डीपीएफच्या खर्चापुढे तो बोचत नाही. मुक्काम संपवून निघालात की पहिली वीस-पंचवीस मिनिटं सलग, एकसारख्या वेगाने, गिअर थोडा खालचा ठेवून चालवा. मोहोळकडचा चौपदरी पट्टा यासाठी फर्मास. आणि रीजनरेशनचा दिवा लागलेला असताना "आलोच चहा घेऊन" म्हणून गाडी बंद करू नका.

आता डबा

हे झालं की निवड सोपी होते. आरसीवर एमिशन नॉर्म्सचा रकाना बघा. गाडीची बॉडी कुणीही बांधलेली असो, ऑइल ठरतं ते चासीच्या, म्हणजे इंजिनाच्या हँडबुकावरून. कॅम्पर बांधून देणाऱ्याने पडदे आणि बेसिनबद्दल काय सांगितलं ते ऐका, ऑइलबद्दल हँडबुक वाचा.

डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वर्ग लिहिलेला असतो. पुढच्या मोठ्या आकड्यांपेक्षा मी त्याला जास्त किंमत देतो. अमेरिकी एपीआयच्या वर्गात डिझेलसाठी सी अक्षर: सीएच-४ हा १९९८चा, सीआय-४ हा २००२चा, सीजे-४ हा २००६चा आणि सीके-४ हा २०१६च्या अखेरीचा. युरोपी एसीईएच्या वर्गात हलक्या गाड्यांसाठी सी-२, सी-३ आणि जड गाड्यांसाठी ई मालिका.

बीएस-३ किंवा त्याआधीच्या, डीपीएफ नसलेल्या गाडीला १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस घाला आणि विषय संपवा. हैदराबाद रोडच्या कुठल्याही ट्रकवाल्या दुकानात याची बादली मिळते. बऱ्याच बीएस-४ गाड्यांना ईजीआर (जळालेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असतो, त्यामुळे काजळी ऑइलमध्ये जास्त येते. तिथेही सीआय-४ प्लस किंवा त्याच्या वरचा सीके-४ चालतो. सीके-४ हा मागच्या वर्गांच्या जागी चालेल असाच बनवला आहे. एफए-४ नावाचा त्याच वेळी आलेला भाऊ मात्र तसा नाही. तो पातळ ऑइलचा वर्ग आहे, ठराविक इंजिनांसाठीच. हँडबुकात नाव नसेल तर त्याला हात लावू नका.

बीएस-६ला राखेचा मुद्दा येतो, आणि इथेच वीस-पन्नासवाल्या सल्ल्याने खरं नुकसान होतं. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांची संयुगं घातलेली असतात. ऑइलचा जो थोडा भाग सिलिंडरमध्ये जळतो त्याची राख होऊन ती डीपीएफमध्ये जाऊन बसते आणि कितीही रीजनरेशन केलं तरी तिथून हलत नाही. ती भरत गेली की रीजनरेशन वारंवार होतं. वारंवार झालं की ऑइलमध्ये डिझेल जास्त उतरतं. म्हणजे जास्त राखेच्या ऑइलने दिव्याचं मूळ कारणच वाढतं, फक्त काही महिन्यांनी, तोपर्यंत सगळे विसरलेले असतात. म्हणून सीके-४ला राखेची मर्यादा १ टक्क्याची आणि सी-२, सी-३ला ०.८ टक्क्यांची घातली आहे. सीआय-४ आणि त्याआधीच्या वर्गांना असा आवर नव्हता. त्या काळी डिझेलमधला गंधकच इतका होता की ऑइलमध्ये क्षार भरपूर लागत. बीएस-३च्या डिझेलमध्ये दशलक्षात ३५० भाग गंधक चालायचा, आता १० भाग. त्यामुळे कमी राखेचं ऑइल "हलकं" असतं हा समज सोडून द्या.

आणखी एक फसगत. दोन डबे, दोन्हींवर ५डब्ल्यू-३०, एक सी-२ आणि दुसरा सी-३. सी-३ला १५० अंशांवर, जोराच्या घर्षणाखाली किमान ३.५चा दाटपणा (हे माप सेंटिस्टोकहून वेगळं) टिकवावा लागतो, सी-२ला २.९ पुरतो. वजनदार, घाट चढणारी गाडी असेल आणि हँडबुक दोन्हींना परवानगी देत असेल तर मी सी-३ घेतो. हँडबुक फक्त सी-२ म्हणत असेल तर सी-२च. हँडबुकात १५डब्ल्यू-४० सीके-४ आणि ५डब्ल्यू-३० असे दोन्ही पर्याय तापमानाच्या तक्त्यासह दिलेले असतील, तर मुख्यतः महाराष्ट्र-कर्नाटकात फिरणाऱ्या भरल्या गाडीला १५डब्ल्यू-४० सीके-४ हा माझा कौल. जाड ऑइल घालायची हौस असेल तर ती एवढ्या मर्यादेत भागवा.

ब्रँडवर वाद घालण्यात मला रस नाही. वर्ग आणि इंजिन कंपनीची मान्यता डब्यावर छापलेली असली की पुरे. सुटं ऑइल घेऊ नका. झाकणाचं सील, बॅच नंबर आणि तारीख बघा, आणि रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी त्याला सुरीने भोक पाडा, नाहीतर तोच डबा भरून पुन्हा बाजारात येतो. "ऑइल ट्रीटमेंट"च्या बाटल्या कपाटातच राहू द्या. जुनं ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतायचं नाही, तो धोकादायक कचरा आहे, मान्यताप्राप्त रिसायकलरकडे पाठवणाऱ्या गॅरेजलाच द्या.

बदलायचं कधी

हँडबुकात खडतर वापराचा वेगळा, आखूड मुदतीचा तक्ता असतो. मोटरहोम त्यातच मोडते. लाकूड, गादी, गॅस, १०० लिटर पाणी म्हणजे तेच १०० किलो, असं करत गाडी कायम पूर्ण वजनाच्या आसपास असते. शिवाय उभ्याने चाललेल्या इंजिनाचा एक तास म्हणजे अंदाजे ४०-५० किलोमीटर धरा. हा हिशोब काटेकोर नाही, पण शून्य धरण्यापेक्षा बरा. रात्री आठ तास एसीसाठी इंजिन चाललं तर सोलापूर-पुणे प्रवासाहून जास्त चाल झाली, असं वहीत लिहायचं.

किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा बदलायचंच. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर ऑइल उभी करायच्या आधी बदला. काजळी, आम्ल आणि डिझेल मिसळलेलं जुनं ऑइल तीन महिने बेअरिंगवर बसवून ठेवण्यात अर्थ नाही. आणि दर रविवारी अंगणात पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवायची सवय मोडा. त्यात बॅटरीला फारसं काही मिळत नाही, ऑइलला बाष्प आणि डिझेल मात्र मिळतं. चालू करायची तर अर्धा तास फिरवून आणा.

पातळी खाली जात असेल तर

थोडं ऑइल लागणं सगळ्याच डिझेलांत असतं. भराभर उतरत असेल तर आधी जमिनीवरचे डाग, मग ब्रीदर चोंदलाय का, मग टर्बोच्या पाइपात ऑइल साचलंय का, या क्रमाने जा. एअर फिल्टरच्या पुढचा रबरी होज वाकवून बघा. आपल्याकडची धूळ त्याच्या बारीक चिरेतून आत गेली की रिंगा आणि लायनर खाते, आणि फिल्टर मात्र स्वच्छ दिसत राहतो. जाड ऑइल घालून रिंगा परत येत नाहीत.

योग्य ऑइल, पातळी स्थिर, तरी दिवा

आता सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही, पण आधी सेन्सर बदलून "बघूया" असं करू नका. सेन्सर काढून त्याच्या जागी काट्याचं प्रेशर गेज लावायला सांगा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर स्लोला आणि २००० फेऱ्यांना आकडा घ्या. दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली चालतो, म्हणजे दिवा लागतो तेव्हा प्रेशर फारच उतरलेलं असतं. गेजवरचे दोन्ही आकडे हँडबुकातल्या किंवा वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यांशी जुळले तर स्विच किंवा त्याची वायर खराब. बदला आणि विसरा.

गेजही कमीच दाखवत असेल तर लगेच "इंजिन काम निघालं" हा निकाल मान्य करू नका. ऑइल फिल्टर भलताच लावलाय का, त्याचा बायपास व्हॉल्व्ह बसतोय का ते बघा. मग चेंबर खाली उतरवून स्ट्रेनरची जाळी बघायला सांगा. उभ्याने चालून चालून काजळीचा चिखल तयार झालेल्या इंजिनात ती जाळी अर्धी बुजलेली असणं अगदी शक्य आहे. जाळी आणि चेंबर साफ करून, नवीन गॅसकेट घालून, त्याच ऑइलवर पुन्हा गेज लावा. आकडा तरीही वर आला नाही तरच पंप आणि बेअरिंग उघडायचं बोलणं सुरू करा, आणि तेव्हाही गेजचा फोटो जवळ ठेवून.